पांढरकवड्याचं ऑनलाईन सेंटर : ईमेल पाहायची वेळ ठरलेली, उत्तराची तारीख वहीत लिहिलेली

ज्यांच्या गावात स्लॅबवर चढल्याशिवाय रेंज येत नाही, घरी कॉम्प्युटर नाही आणि तरी ज्यांचं काम ईमेलवर अडतं, त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या या ऑनलाईन सेंटरमध्ये एकदा जाऊन यावं. झेरॉक्स, सातबारा, पॅन कार्ड ही कामं तालुक्यात जागोजागी होतात, त्यासाठी मी हे लिहीत नाही. इथं महिनेवारीनं ईमेल सांभाळून मिळतो, आणि तो सांभाळायची जी पद्धत इथं आहे ती मला दुसरीकडे कुठं दिसली नाही.

आमचं गाव टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला. गटातल्या बाया मिळून आम्ही तुरीची डाळ, जवसाची चटणी आणि हळद विकतो. गटाची सचिव मी, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे. भाव विचारणं, फोटो पाठवणं हे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. पण दुकानदाराची लेखी ऑर्डर, प्रयोगशाळेचा तपासणी रिपोर्ट, अन्न परवान्याची मुदत संपत आल्याची सूचना, बँकेचं पत्र हे ईमेलवर येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत फोन पिशवीत बांधून धुऱ्यावर ठेवलेला असतो. वाघाच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत सगळ्या बाया घरी येतात, त्यानंतर तालुक्याला जायचं नावच नाही. दिवसभर ईमेल पाहत बसणं आम्हाला जमणारं नाही आणि पाहिलाच नाही तर ऑर्डर हातची जाते.

सेंटर चालवते ती बी.कॉम. झालेली तरुण पोरगी आहे. गटासाठी महिन्याला दीडशे रुपये घेते, एकट्या शेतकऱ्यासाठी साठ. प्रिंटचे पैसे वेगळे. एवढ्या पैशांत ती रोज दोनदा आमचा ईमेल उघडते, कामाचं काही असेल तर फोन करून मराठीत सांगते, मी सांगेन तसं उत्तर लिहिते आणि पाठवायच्या आधी फोनवर वाचून दाखवते. हे वाचून दाखवणं ती कधी टाळत नाही. ‘पन्नास किलो’ आणि ‘पन्नास पाकिटं’ यातला फरक तिथंच सापडतो.

पासवर्डच्या बाबतीतही ती चोख आहे. आमच्या भागात कितीतरी लोकांचा ईमेल आयडी कोणत्या ना कोणत्या सेंटरवाल्यानं काढून दिलेला असतो आणि त्याला मोबाईल नंबर जोडलेला असतो सेंटरवाल्याचाच. पुढं पासवर्ड बदलायचा म्हटलं की ओटीपी त्याच्या फोनवर. आमच्या गटाचा पहिला आयडी असाच एका ठिकाणी काढला होता. त्या माणसानं दुकान बंद केलं, नंबर बदलला आणि आमचा आयडी, त्यातली जुनी बिलं, सगळं अडकलं ते अडकलंच. ही पोरगी पहिल्याच दिवशी सांगते, “काकू, नंबर तुमचाच टाकू, माझा नाही. उद्या मी नसलो तरी तुमचं काम थांबाले नाही पाहिजे.” पासवर्डही ती मला वहीत लिहून देते. तालुक्याच्या गावी इतका विचार करणारं माणूस भेटणं मोठी गोष्ट आहे.

आता वेळेचं सांगते. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे : ईमेल सकाळी साडेदहाला आणि दुपारी साडेतीनला पाहिला जाईल. या वेळा तिनं विचार करून ठरवल्या आहेत. राज्य सरकारची कार्यालयं पावणेदहाला उघडतात आणि सव्वासहाला सुटतात. सकाळी आलेलं साडेदहाला हाती लागतं, आणि साडेतीनला पाहून दिलेलं उत्तर समोरच्याला ऑफिस सुटायच्या आत मिळतं. तिनं आमच्या प्रत्येक ईमेलच्या खाली दोन ओळी कायमच्या टाकून ठेवल्या आहेत : ‘आम्ही ईमेल दिवसातून दोन वेळा पाहतो. उत्तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मिळेल. तातडी असल्यास फोन करावा.’ खाली माझा नंबर.

या दोन ओळींनी आमचा धंदा सुधारला असं मी ठामपणे म्हणते. आधी दुकानदार सकाळी ईमेल टाकायचे आणि दुपारपर्यंत उत्तर नाही म्हणून दुसरीकडे डाळ सांगून मोकळे व्हायचे. बायांना वेळेवर काम जमत नाही, अशी बोलणीही ऐकावी लागत. आता त्यांना आमची वेळ माहीत आहे. ज्याला घाई आहे तो फोन करतो, ज्याला नाही तो थांबतो. दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या एका दुकानदाराला चटणीचा माल वाढवून हवा होता. त्यानं ईमेल टाकला आणि खालची ओळ वाचून लगेच मला फोनही केला. मी वावरातूनच हो म्हटलं. लेखी उत्तर साडेतीनला गेलं.

माझा भाचा पुण्याला कंपनीत आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, यावर अभ्यास झालेले आहेत, आणि त्यानं मला ते वाचून समजावले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कोस्टाडिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल पाहायला सांगितला आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात लोकांच्या मनावरचा ताण कमी होता. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि याहू यांच्या संशोधकांनी सुमारे २० लाख लोकांचे १,६०० कोटी ईमेल तपासले. ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यातली निम्मी उत्तरं ४७ मिनिटांच्या आत गेली होती, आणि साधारण ९० टक्के एक-दोन दिवसांत. ज्यांच्याकडे ईमेलचा ढीग येतो ते थोड्यांनाच उत्तर देतात आणि तेही आखूड.

मला यातून एवढं पटलं की व्यापाऱ्याकडून दोन दिवस काही आलं नाही तर आणखी आठ दिवस थांबून ते आपोआप येईल, ही आशा फार धरू नये. फोन उचलावा. आणि ४७ मिनिटांचा आकडा ऐकून कोणी स्वतःला दोष देऊ नये. तो आकडा सतत ईमेल हाताळणाऱ्या माणसांचा आहे, कापसाच्या पराटीत उभ्या असलेल्या बाईचा नाही.

या सेंटरची खरी किंमत मात्र तिच्या वहीत आहे. लांबट हिशेबाची वही. पाठवलेल्या प्रत्येक कामाच्या ईमेलची त्यात नोंद : कोणाला, कधी, कशाबद्दल, उत्तर कधीपर्यंत यायला हवं आणि नाही आलं तर पुढं काय. शेवटचे दोन रकाने मी दुसऱ्या कोणत्याच सेंटरवर पाहिले नाहीत. लोक विचारतात, ‘पाठवलं ना?’ आणि ‘हो’ ऐकून घरी जातात. पाठवल्यानंतरचे दिवस मोजायला कोणी नसतं.

तिनं प्रत्येकासाठी वेगळी मुदत धरली आहे. व्यापाऱ्याला दोन दिवस. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला आठवडा, कारण ती माणसं शिवारात फिरतीवर असतात; पण अळीचा फोटो पाठवला असेल तर आठवडा थांबण्यात अर्थ नाही, तेव्हा ती थेट किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर लावून देते. बँकेकडे लेखी तक्रार केली तर ३० दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत, हे मला तिच्याच वहीतून कळलं. सरकारी कार्यालयाच्या बाबतीत शनिवार-रविवार ती धरत नाही, २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. सोमवारी उत्तर येणार असलेल्या माणसानं शुक्रवारपासून जीव टांगून बसू नये, म्हणून ती हे आधीच सांगून टाकते.

ईमेलवर नसलेल्या कामांच्या तारखाही ती याच वहीत घेते. आमच्या गावच्या एका काकाजींनी विहिरीच्या अनुदानाबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. २००५ च्या कायद्यानं माहिती ३० दिवसांत द्यायची असते. न मिळाल्यास मुदत संपल्यापासून पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं लागतं. काकाजी अर्ज करून विसरले होते. पोरगीनं फोन केला, “काकाजी, तीस दिवस झाले, कागद आला काय? नसन आला तं अपील टाकू, उशीर नोको करू.” अपील वेळेत गेलं आणि त्यांना माहिती मिळाली. त्या फोनचे तिनं काही घेतले नाहीत.

कोणत्या कामात ईमेलवर थांबायचंच नाही, हेही तिला नीट कळतं. पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचं संरक्षण लागू असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. अशा वेळी ती ईमेल लिहायला बसत नाही. १४४४७ वर फोन लावते किंवा ॲपवर नोंद करून तक्रार क्रमांक हातात देते. खात्यातून पैसे गेल्याची तक्रार असेल तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला. ७२ तासांतले २४ तास ईमेलच्या उत्तराची वाट पाहण्यात घालवले तर शेतकऱ्याचं पूर्ण वर्ष जातं, हे तिला सांगावं लागत नाही. तिच्याही घरी कोरडवाहू वावर आहे.

तिच्याकडून शिकलेल्या बारीक गोष्टी सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. ‘सेंट’मध्ये दिसलं म्हणजे समोरच्यानं वाचलं असं नाही. आपल्या फुकटच्या जीमेलमध्ये वाचल्याची पावती मिळायची सोय नाही. पत्ता चुकला असेल तर परत आल्याची सूचना बहुतेक वेळा लगेच येते, पण समोरचा सर्व्हर बंद असेल तर ईमेल पुन्हा पुन्हा पाठवायचा प्रयत्न चालू राहतो आणि पोचला नाही हे कळायला दिवस जातात. स्पॅमचा कप्पा ती दुपारच्या वेळी न चुकता पाहते, कारण तिथलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आमचा एक प्रयोगशाळेचा रिपोर्ट तिला तिथंच सापडला. २५ एमबीपेक्षा जड फाईल जोडता येत नाही, म्हणून सातबाऱ्याचे फोटो ती लहान करून पीडीएफ करते. रात्री मी फोनवर काही सांगितलं तर ती लिहून ठेवते, पण वेळ लावून सकाळी दहाला जाईल असं करते. तिचं म्हणणं, रात्रीचा ईमेल सकाळपर्यंत दहा जणांच्या खाली दबतो. हे मला पूर्ण पटतं.

आता उणं काय ते सांगते. जून-जुलैमध्ये पीक कर्ज आणि विम्याच्या कामांची इतकी गर्दी होते की साडेतीनची वेळ साडेपाचवर जाते. त्या दिवसांत भिंतीवरची वेळ पाळली जात नाही, आणि आमच्या ईमेलखालच्या ओळी मात्र तशाच राहतात. तिनं त्या दोन महिन्यांपुरतं ‘दिवसातून एकदा’ असं बदलावं, मी तिला सांगितलं आहे. ती कुठं गेली की भाऊ बसतो. भाऊ स्वभावानं चांगला, पण वहीत लिहीत नाही; त्याच्या हातून गेलेल्या ईमेलची तारीख आपणच लक्षात ठेवावी लागते. इन्व्हर्टर आहे, पण लाईट दुपारभर गेली तर प्रिंटर बंद. बसायला बाहेर एकच बाक, उन्हाळ्यात त्यावर सावली नसते. म्हाताऱ्या माणसांसाठी एक ताडपत्री तरी बांधावी. फोनवर सांगताना ती कधी फार थोडक्यात सांगते. पैशाचा आकडा असेल तर पूर्ण ईमेल वाचून घ्यावा, असा माझा आग्रह असतो आणि मागितलं की ती वाचतेही.

दीडशे रुपये महाग आहेत का, असं गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं. पांढरकवड्याला जायचं-यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर एका खेपेतच त्याहून जास्त जातात, आणि रोज जाणं तर होतंच नाही. कोणीच हरकत घेतली नाही. ज्याच्या फोनला घरी नीट रेंज आहे आणि ज्याला स्वतः लिहिता येतं त्यानं हे पैसे देऊ नयेत. त्यानं वहीचे ते दोन रकाने तेवढे घरी आखावेत.

नव्यानं जाणाऱ्यांनी बाजाराचा दिवस टाळावा आणि सकाळी अकराच्या पुढं जावं, म्हणजे पहिल्या फेरीतून ती मोकळी झालेली असते. जुना ईमेल आयडी असेल तर त्याला कोणाचा नंबर जोडलेला आहे ते तिला आधी पाहायला सांगा. आणि ज्या नंबरावर ओटीपी येतो तो फोन चार्ज करून सोबत न्या. घरी राहिला तर दुसरी खेप पडते.