पाचपाखाडीतील फिजिओथेरपी केंद्र: ड्युशेन असलेल्या मुलाच्या वडिलांचा चौदा महिन्यांचा अनुभव

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू अशक्त करत जाणारा जनुकीय आजार आहे. गेले चौदा महिने आम्ही त्याला आठवड्यातून दोनदा कासारवडवलीहून पाचपाखाडीतील एका लहानशा फिजिओथेरपी केंद्रात नेत आहोत. हाच आजार घरात असलेल्या ठाण्यातील पालकांना उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी वर्षभर आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथे पायांना वजनाचे पट्टे बांधून उठाबशा काढून घेत आणि जिना चढायला-उतरायला लावत. स्नायू अशक्त आहेत तर ते बळकट केले पाहिजेत, हे म्हणणे आम्हालाही पटले होते. रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून मुलगा रडायचा आणि आम्ही त्यालाच नेट धरायला सांगायचो. याचे दुःख अजून वाटते.

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत उठाबशा बंद केल्या आणि कागदावर चित्र काढून कारण समजावले. स्नायूपेशीच्या आवरणाला आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. त्यामुळे भार पेलत असताना स्नायू लांबतो तेव्हा, म्हणजे जिना उतरताना किंवा वजन सावकाश खाली आणताना, पेशींना सर्वाधिक इजा होते. दुसऱ्या दिवशीही अंग दुखत राहिले किंवा लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर तो साधा थकवा न समजता लगेच डॉक्टरांना कळवायचे, हेही त्यांनी तेव्हाच बजावले.

पाऊण तासाच्या सत्रातला बहुतेक वेळ स्ट्रेचिंगला दिला जातो. घोटे, गुडघ्यांमागचे स्नायू आणि खुबे आखडू नयेत यावर सगळा भर असतो, कारण एकदा सांधा आखडला की पाय टेकून उभे राहणेही अवघड होते. रात्री घालायचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार, त्यांनी मापाचे करून घेतले, पण दिवसा चालताना ते घालू दिले नाहीत. मुलगा चवड्यांवर चालतो ते तोल सावरण्यासाठी, टाच जबरदस्तीने टेकवली तर तो पडेल, हे ऐकेपर्यंत आम्ही त्याला दिवसभर ‘टाच टेक’ म्हणून टोकत होतो.

दर सहा महिन्यांनी मुलाची हालचाल कितपत टिकून आहे हे पाहणारी ‘नॉर्थ स्टार’ ही चाचणी घेतात. तिच्यात 17 कृती आणि एकूण 34 गुण असतात, शिवाय जमिनीवरून उठायला किती सेकंद लागतात तेही नोंदवतात. आमच्या मुलाचे गुण या काळात 23 वरून 22 झाले, म्हणजे फारसे घसरले नाहीत. यात न्यूरॉलॉजिस्टनी सुरू केलेल्या स्टिरॉइडचाही वाटा आहे आणि मॅडम स्वतःच तसे सांगतात. मुलगा बरा होईल असे आश्वासन त्यांनी कधीही दिले नाही, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास मुख्यतः यामुळेच बसला.

आठवड्यातले दोन दिवस पुरत नाहीत, स्ट्रेचिंग रोज घरी करावे लागते. त्यासाठी त्यांनी माझ्या आईला तीन सत्रे समोर बसवून प्रत्येक ताण कसा द्यायचा आणि किती वेळ धरायचा ते शिकवले. आता रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर आजी आणि नातू गादीवर बसलेले असतात. मुलाला काखेत हात घालून उचलू नये, खांद्याचे स्नायू अशक्त असल्याने तो हातांतून निसटतो, हेही आम्हाला इथेच कळले.

महिन्यातून एका शनिवारी पालकांची बैठक होते. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट उल्लेख असल्याचे तिथे एका मुलाच्या आईने सांगितले आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज आमच्याकडून भरून घेतला.

उणिवाही आहेत. इमारतीला रॅम्प आहे, पण लिफ्टपूर्वी दोन पायऱ्या लागतात, आणि स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर जात नाही. चालणे थांबलेल्या मुलांसाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही, आम्ही ती दोनदा लेखी कळवली आहे. पाण्यातील व्यायामाची सोय नाही. फुप्फुसांची क्षमता मोजण्यासाठी रुग्णालयातच जावे लागते. शेवटची वेळ सायंकाळी सहाची असल्याने घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्यांना शाळेतूनच थेट निघावे लागते. एका सत्राचे 800 रुपये होतात, पावती न मागता मिळते.

व्हीलचेअरवरील मुलाला नेणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवावा. त्या दोन पायऱ्यांवर लाकडी फळी टाकून मदतीला माणूस उभा करतात, मात्र आधी सांगितले तरच.