दोन बटणं की टचस्क्रीन? हार्डवेअर वॉलेट घेताना माझं कशावरून ठरलं

ओळखीत कुणी हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र) घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: लेजर की ट्रेझॉर? मग दोन्हीकडचे लोक जुंपतात, तासभर भांडतात आणि बिचारा विचारणारा, जिथून नाणी विकत घेतली त्या एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्येच ती ठेवून मोकळा होतो. दोन्ही प्रकारची यंत्रं वापरल्यावर मला वाटतं, प्रश्न थोडा दुसरीकडं आहे. या दोन्ही कंपन्या दोन्ही थाटाची वॉलेट विकतात. एक पेनड्राइव्हएवढं, दोन बटणांचं, नखाएवढ्या पडद्याचं. दुसरं टचस्क्रीनचं. लेजरचं नॅनो एस प्लस आणि ट्रेझॉरचं सेफ ३ हे पहिल्या गटात. लेजरचं फ्लेक्स आणि ट्रेझॉरचं सेफ ५ दुसऱ्या. हातात घेऊन वापरताना जो फरक पडतो तो या दोन गटांत पडतो. कंपनीचं नाव त्यानंतर.

तरी कंपन्यांचं उरकून घेऊ, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहील. लेजरची सुरक्षा चिप तगडी आहे, पण आतलं सगळं सॉफ्टवेअर बाहेरच्यांना तपासायला खुलं नाही. २०२० मध्ये त्यांच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि त्या डिसेंबरात सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. पुढं काहींच्या घरी पोस्टानं चक्क बनावट यंत्रं येऊन पोचली. मे २०२३ मध्ये त्यांनी रिकव्हर नावाची सेवा जाहीर केली: यंत्र हरवलं तर नाणी परत मिळवून देणाऱ्या गुप्त शब्दांमागची किल्ली कूटबद्ध करून तिचे तीन तुकडे तीन कंपन्यांकडं ठेवायचे. सक्ती कुणालाच नाही, पण किल्ली यंत्राबाहेर पडूच शकत नाही असं धरून चाललेल्या मंडळींचं बिनसलं ते बिनसलंच. ट्रेझॉरचं सॉफ्टवेअर खुलं आहे, कुणीही उघडून बघावं. पण त्यांच्या जुन्या मॉडेल वन आणि मॉडेल टीमध्ये सुरक्षा चिपच नव्हती. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकानं दाखवून दिलं की यंत्र हातात पडलं तर १५ मिनिटांत त्यातली किल्ली काढता येते. २०२३ च्या सेफ ३ आणि २०२४ च्या सेफ ५ मध्ये ती चिप आली. आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रेझॉरच्याही सपोर्ट पोर्टलमधून सुमारे ६६ हजार लोकांचे संपर्क फुटलेच. सोवळं कुणीच नाही. मला खुलं सॉफ्टवेअर बरं वाटतं, पण यावर कुणाशी भांडायला जाणार नाही.

आता पडद्याकडं. या यंत्राची कामं दोनच: तुम्ही कशावर सही करताय, म्हणजे कुठल्या व्यवहाराला किल्लीनं मंजुरी देताय, ते दाखवणं आणि मग सही करणं. पहिलं काम नीट झालं नाही तर दुसऱ्याला काही अर्थ राहत नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. सही करणाऱ्यांकडं हार्डवेअर वॉलेट होती, असं कंपनीनंच सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून दीडशे कोटी डॉलरच्या आसपास गेले, तिथंही हीच तऱ्हा. कॉम्प्युटरवर दिसत होता एक व्यवहार, सही झाली दुसऱ्यावर. हातातल्या यंत्राच्या पडद्यावर वाचण्यासारखं काही आलंच नाही तर तुम्ही कोऱ्या चेकवरच सही करताय.

आपल्यासारख्यांचे व्यवहार साधे असतात, वॉलेटच्या एका पत्त्यावरून (खाते क्रमांकासारखाच तो) दुसऱ्या पत्त्यावर. तरी पत्ता बहुधा ४२ अक्षरांचा, आणि छोट्या पडद्यावर तो बारीक ठशात दाटीवाटीनं येतो. चाळिशी लागलेला माणूस पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून पुढं जातो. चोरांना हे पक्कं ठाऊक आहे. पुढची-मागची अक्षरं जुळणारा पत्ता बनवायचा, त्यावरून तुमच्याकडं किरकोळ रक्कम पाठवायची, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून तोच उचलाल, हा धंदा जोरात चालतो. टचस्क्रीनवर तोच पत्ता चार-चार अक्षरांच्या गटांत मोठा दिसतो. मी तो बोट ठेवून वाचतो, अगदी सातबारा वाचल्यासारखा. छोट्या पडद्यावर माझ्याच्यानं हे होत नव्हतं. तुमचे डोळे तरुण असतील तर हा मुद्दा निम्मा करा.

खरं माझं ठरलं ते मात्र पासफ्रेजवरून.

पासफ्रेज म्हणजे त्या गुप्त शब्दांवर (माझे २४ आहेत, काही यंत्रं १२ किंवा २० देतात) तुम्ही स्वतः लावलेलं जास्तीचं कुलूप. क्रॅकेननं दाखवलेल्या चोरीवरचा उताराही हाच, कारण ट्रेझॉरमध्ये तो यंत्रात साठवलेलाच नसतो. त्याची गंमत अशी की चुकीचा पासफ्रेज नावाची गोष्टच नाही. काहीही टाका, वॉलेट उघडतं. फक्त ते दुसरंच, रिकामं वॉलेट असतं. एक अक्षर इकडंतिकडं झालं की पडद्यावर शून्य.

आता हे दोन बटणांवर करून बघा. पडद्यावर एक अक्षर. उजवं बटण दाबलं की पुढचं, डावं दाबलं की मागचं, हवं ते आलं की दोन्ही एकदम. टी हवा असेल तर ए पासून टकटक करत निघायचं. बटण दाबून धरलं तर अक्षरं पळतात आणि टी मागं टाकून थेट डब्ल्यूवर थांबतात. मग उलटं यायचं. मोठी लिपी वेगळी, छोटी वेगळी, आकडे वेगळे, आणि रिकामी जागा कुठल्या कोपऱ्यात आहे ते दर वेळी शोधायचं. दोन्ही बटणं एकदम दाबताना एक केसभर आधी दाबलं गेलं की शेजारचं अक्षर बसतं. टाकलेलं बहुतेक ताऱ्यांनी झाकलेलं. एवढी तपश्चर्या करून शेवटी शिल्लक शून्य दिसते आणि पोटात गोळा येतो. पैसे कुठंच गेलेले नसतात, अकरावं अक्षर चुकलेलं असतं. पुन्हा पहिल्यापासून.

मी जे दोन बटणांचं वापरलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण ही कटकट कंपनीची नाही, बटणांची आहे. या कटकटीतून पुढं जे होतं ते जास्त वाईट. माणूस पासफ्रेज लहान करतो. सहा अक्षरं, त्यात पोराचं नाव. किंवा काही यंत्रांत सोय असते तसा कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून टाकतो, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर भरवसा नाही म्हणून हजारो रुपये खर्चले त्यालाच गुपित सांगतो. नाहीतर कंटाळून पासफ्रेज लावतच नाही.

लेजरवाले इथं म्हणतील, आमच्यात पासफ्रेज वेगळ्या पिनला जोडून ठेवता येतो, रोज टाकावा लागत नाही. बरोबर आहे, सोय उत्तम आहे. माझी अडचण उलटी आहे: जे रोज टाकत नाही ते विसरतं. यंत्र बंद पडेपर्यंत पिन चालते, आणि ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी पासफ्रेज आठवायला बसायचं. टचस्क्रीनवर मी तो दर वेळी पूर्ण टाइप करतो, चांगला लांबलचक, स्पेससकट. बोटांना आता पाठ झालाय. यात काही मोजमाप नाही, माझा अनुभव आहे. तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली असेल.

टचस्क्रीनमध्ये खोट नाही असं नाही. एक म्हणजे पैसे. बाजारात आली तेव्हा सेफ ३ आणि नॅनो एस प्लस ७९ डॉलरला होती, सेफ ५ १६९ ला आणि फ्लेक्स २४९ ला. वर कुरिअर आणि कस्टम. दुसरं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कामाच्या बाकावर बसून, कूलंट लागलेल्या बोटांनी टच चालत नाही, बटणं चालतात. (हात धुवून बसावं, हे घरच्यांचं मत.) तिसरं, फ्लेक्समध्ये बॅटरी आहे. कपाटात वर्षभर पडून राहणाऱ्या वस्तूत बॅटरी मला आवडत नाही. सेफ ५ मध्ये ती नाही, केबल लावली की चालू. माझा कल तिकडं झुकण्याचं हेही एक कारण. पण आयफोनवाल्यांनी इथं थांबून विचार करावा: सेफ ५ आयफोनला जोडून व्यवहार करता येत नाही, फक्त शिल्लक बघता येते. फोनवरूनच सगळं करायचं असेल तर ब्लूटूथवालं बघा.

यंत्र कुठलंही घ्या, एक दिवस ते मरणारच. उरतात ते २४ शब्द, आणि ते सोबत आलेल्या कार्डावर पेनानं लिहून ठेवणं कोल्हापुरात तरी मला पटत नाही. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की शहरातल्या सखल भागात काय होतं ते २०१९ ला आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. खालच्या मजल्यावरच्या गोदरेजच्या कपाटातल्या कागदांचा लगदा झाला होता.

यावर बाहेर स्टीलच्या तयार पट्ट्या मिळतात, महाग असतात. आपल्याकडं त्याची गरज नाही. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्याचा एक तुकडा, तीन-चार मिलिमीटरचा लेटर पंचचा सेट आणि हातोडी, हे गावात सहज मिळतं. हे २४ शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यातल्या २,०४८ इंग्रजी शब्दांची पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांत सारखी नाहीत, त्यामुळं पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. जास्तीत जास्त ९६ अक्षरं होतात. ओळ सरळ राहावी म्हणून मास्किंग टेपची पट्टी चिकटवायची, पंच टेपच्या कडेला टेकवायचा आणि एकच ठोका, पण खणखणीत. दोनदा मारलं की अक्षर दुहेरी उठतं आणि ई आणि एफ ओळखू येत नाहीत. पत्र्याखाली जाड लोखंड हवं, लाकडावर ठोकलं तर पत्रा वाकतो. सगळं झाल्यावर शब्दांचे क्रमांकही ठोका. आणि कृपा करून हे काम लेझर मार्किंगवाल्याकडं देऊ नका. तो कितीही सज्जन असला तरी तुमचे शब्द त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल बनून राहतात.

पट्टी झाली की ती वाचून शब्द यंत्रात पुन्हा भरून बघायचे. लेजरमध्ये त्यासाठी वेगळं अ‍ॅप आहे, ट्रेझॉरमध्ये बॅकअप तपासायची सोय आहे. यंत्र पुसावं लागत नाही. मोठी रक्कम पाठवण्याआधी हे करायचं, आणि इथं पुन्हा बटणं की टच हा प्रश्न येतो. दोन-तीन अक्षरं टाकली की यंत्र शब्द सुचवतं हे खरं, तरी २४ शब्द दोन बटणांनी भरताना चहा गार होतो. कंटाळा आला की माणूस ही तपासणी पुढच्या रविवारवर ढकलतो.

खरेदीचं थोडक्यात. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा त्यांनी नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, जुनं वापरलेलं नको. खोक्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते यंत्र सरळ टाकून द्या, ते तुमच्यासाठी नाही, तुमच्या पैशांसाठी पाठवलंय. पत्ता दुकानाचा द्या, घराचा नको. फोन नंबरही बँकेला जोडलेला नको. वर सांगितलेल्या फुटलेल्या याद्या आठवा. त्यानंतर कुणीही ‘वॉलेट कंपनीतून बोलतोय’ म्हणून फोन केला तर ठेवून द्या.

आणि यंत्र मागवायच्या आधी तुमच्या एक्स्चेंजमधून नाणी बाहेर काढता येतात का ते बघा. आपल्याकडच्या काही अ‍ॅपमध्ये ती सोयच नसते किंवा वेगळी परवानगी लागते. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, असं माझे सीए सांगतात, त्यामुळं २०२२ पासूनचा ३० टक्के कर तिथं लागत नाही. पण तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहून ठेवायला त्यांनी बजावलंय. विकताना खरेदीची किंमत दाखवायला तीच वही लागते.

मामेभाऊ विचारत होता, “दादा, सरळ सांग, कुठलं घेऊ?” त्याचं असं आहे: फक्त बिटकॉइन, महिन्याला थोडं थोडं, पाच-सात वर्षं कुणाला पाठवायचं नाही, पासफ्रेज लावायचा नाही. त्याला मी सेफ ३ सांगितलं. दोन बटणं पुरेत त्याला, उरलेल्या पैशात पत्रा आणि पंच येतात. पण पासफ्रेज लावणार असाल, रक्कम बऱ्यापैकी असेल किंवा पत्ते तपासायची पाळी वरचेवर येणार असेल, तर मी तरी पुन्हा सेफ ५ च घेईन. सोबतची केबल मात्र जपून ठेवा. घरात पडलेल्या मोबाइलच्या केबलपैकी काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यावर पडदा उजळतो, पण कॉम्प्युटरला वॉलेट सापडत नाही.