ऑक्स केबल की ब्लूटूथ?

म्युझिक प्लेअर गाडीच्या स्टिरिओला किंवा घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा, तर खरी निवड ऑक्स केबल (प्लेअरच्या हेडफोन जॅकमधून जाणारी साधी वायर) आणि ब्लूटूथ यांतच असते. एफएम ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारं यंत्र, मी धरतच नाही. एफएमवर 15 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापलाच जातो, शिवाय गाडी थोडी पुढे गेली की आपल्याच फ्रिक्वेन्सीवर भलतंच स्टेशन घुसतं.

ब्लूटूथची सोय मान्यच. गाडीत बसलं की आपोआप जोडलं जातं, स्टिअरिंगवरच्या बटणांनी गाणं बदलता येतं. आवाजाचं म्हणाल, तर इंजिन चालू असताना साध्या एसबीसी कोडेकमधला (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) आणि वायरमधला फरक निदान माझ्या कानांना तरी कळत नाही. घरी, रात्रीच्या शांततेत, थोडासा जाणवतो.

मला खटकलं ते वेगळंच. पॉज करून पुन्हा प्ले केलं की ब्लूटूथ रिसीव्हर जागा व्हायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात गाण्याचा पहिला स्वर गिळला जातो. धडाक्यात सुरू होणाऱ्या गाण्यात हे खपून जातं. पण एकाच तारेच्या झंकाराने सुरुवात होणारी रचना असेल, तर तो झंकार जातो आणि कानावर पडते ती नुसती त्याची आस. सगळेच रिसीव्हर असं करत नसतील. माझा करायचा, आणि मी घरी वायरवर आलो तो त्यामुळेच.

वायरचीही एक कटकट आहे. गाडीत प्लेअर चार्जिंगला लावून ऑक्सही जोडली, की बऱ्याचदा स्पीकरमधून बारीक शिटी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. हा ग्राउंड लूपचा प्रकार, म्हणजे चार्जर आणि ऑक्स दोन्हींतून ग्राउंडची जोडणी होऊन एक वळसा तयार होतो आणि गाडीच्या विजेचा गोंगाट आवाजात शिरतो. चार्जर काढला की शिटी थांबते. ते जमणार नसेल तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा, फक्त अगदी स्वस्तातला नको, त्यात बेस पातळ होतो.

घरी 3.5 मिमी जॅकमधून दोन आरसीए पिना निघणारी केबल पुरते. ती ऑक्स किंवा सीडीच्या इनपुटला लावा. फोनोला नको, ते टर्नटेबलच्या क्षीण सिग्नलसाठी असतं आणि तिथे आवाज फाटतो. प्लेअरला लाइन आउट (ठरावीक पातळीचा सिग्नल देणारं वेगळं आउटपुट) नसेल तर त्याचा व्हॉल्यूम पाऊणच्या आसपास ठेवून बाकीचं अ‍ॅम्प्लिफायरवर सोडा.

गाडीत सतत फोन घ्यावे लागत असतील तर ब्लूटूथच बरं. नाहीतर तिथेही मी वायरच लावेन, तीही काटकोनी जॅकची. सरळ जॅकला येताजाता हात लागतो आणि सॉकेट सैल होतं.