साधी सर्दी की जिवाणूंचा सायनस? थांबायचं की डॉक्टर गाठायचा?

पावसाची झड लागली की कोल्हापुरात घरटी एक नाक चोंदलेलंच असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड हिरवट झाला की कुणीतरी फर्मान सोडतं, "सायनस पिकलाय, मेडिकलमधून अँटिबायोटिक आण." गल्लत होते ती इथंच. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि त्या पेशी विषाणूच्या साध्या सर्दीतही येतात. मोठ्या माणसांच्या शंभर सर्दींतल्या फार तर दोन पुढं जिवाणूंच्या सायनसवर, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या (सायनसच्या) जिवाणू-संसर्गावर जातात.

मग फरक ओळखायचा कशावरून? माझं मत विचाराल तर रुमालापेक्षा कॅलेंडर बघा. साधी सर्दी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ऐन भरात असते, मग उतरणीला लागते. खोकला मागं रेंगाळतो, पण माणूस रोज थोडा थोडा सुधारतो. जिवाणूंच्या सायनसच्या चाली तीन. एक, १० दिवस झाले तरी काडीचा उतार नाही. दोन, सुरुवातीपासूनच १०२ अंश किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत पूसारखा शेंबूड किंवा चेहऱ्यात ठणका, सलग तीन-चार दिवस. तिसरी चाल सगळ्यात बोलकी: आजार उलटतो. समजा, सोमवारी सर्दी-ताप आला, शनिवारी बरं वाटलं म्हणून गडी उद्यमनगरात कामावर गेला आणि रविवारी रात्री पुन्हा ताप चढला, डावा गाल ठणकायला लागला, चप्पल घालायला वाकलं की दुखणं वाढतंय. हे अंगावर काढायचं नाही.

तपासणीत डॉक्टर काय बघतात? नाकात उजेड टाकून आतून पू येतोय का, घशामागं तो ओघळतोय का, दुखणं एकाच बाजूचं आहे का. वरच्या दाढांवर हलकं ठोकूनही बघतात, कारण कधी कधी मूळ किडक्या दाढेतच असतं. तिथं घाण वास येतो आणि आधी दाताचा डॉक्टर लागतो. नुसता गाल दाबल्यावर दुखला म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही, साध्या सर्दीतही तो दुखतो.

"एक्स-रे काढूया की" हा आग्रह बहुतेकदा पेशंटचाच. त्यात विषाणू कुठला नि जिवाणू कुठला, हे कळत नाही. सीटी स्कॅनचंही तेच: १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताज्या सर्दीच्या ३१ जणांचं सीटी केलं, तर बहुतेकांच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. सीटीचे पैसे गुंतागुंतीची शंका असेल किंवा दुखणं महिनोन्‌महिने चाललं असेल तेव्हासाठी ठेवा. दुर्बिणीनं नाक बघणं त्या मानानं उपयोगाचं, पण पहिल्याच भेटीत ते सगळ्यांना लागत नाही.

नाक-डोळे खाजतात, पाण्यासारखं नाक गळतं, शिंकांवर शिंका, ताप नाही? ही ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, पण नाक मोकळं? मग "माझा सायनस" म्हणून मिरवलेलं दुखणं अर्धशिशीही निघू शकतं.

१० दिवसांच्या आत असाल आणि उतार पडत असेल तर घरी थांबा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवा, तापाला पॅरासिटामॉल घ्या. तांबड्या रश्श्यानं नाक घटकाभर मोकळं होतं, तेवढंच त्याचं श्रेय. वरच्या तीन चालींपैकी एखादी जुळली तर कान-नाक-घशाचा किंवा घरचा डॉक्टर गाठा. त्यांनी "अजून दोन-तीन दिवस बघू" म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नका. प्रकृती एरवी ठणठणीत असेल तर तसं थांबणं रीतसर आहे.

डोळ्याभोवती सूज, एकाचं दोन दिसणं, कपाळावर फुगवटा, मान ताठणं, बरळणं, यातलं काहीही दिसलं तर दिवस मोजत बसू नका. मधुमेह्याचा गाल बधिर झाला किंवा नाकात काळी खपली दिसली तर काळ्या बुरशीची शंका घेऊन त्याच रात्री सीपीआर (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.