एअरफ्लो सेन्सर: दर सर्व्हिसिंगला साफ करावा, की गरज दिसल्यावरच?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि इंजिन फ्लशिंग यांच्या जोडीला ‘एअरफ्लो सेन्सर क्लीनिंग’, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची सफाई, अशी ओळ अनेक गॅरेजांच्या अंदाजपत्रकात आता दिसू लागली आहे. ती मान्य करावी की खोडून टाकावी, हे ठरवण्यापूर्वी आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि हवेचे तापमान यांवरून इंजिनाचा संगणक तिचा हिशेब करतो. अशा गाडीच्या बिलात ही ओळ असेल, तर ती निमूटपणे खोडावी. सेन्सर असल्यास तो बहुधा एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच, नळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला आढळतो आणि त्याला चार-पाच तारांचे कपलर असते. दोनच तारा दिसल्या, तर तो बहुधा केवळ हवेचे तापमान मोजणारा सेन्सर समजावा.

याचे काम साधे आहे. आत एक अतिशय पातळ तार किंवा पापुद्रा असतो, तो येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवला जातो, आणि वाहती हवा त्याला थंड करत असताना ते तापमान टिकवण्यासाठी जितका विद्युतप्रवाह लागतो, त्यावरून हवेचे वस्तुमान काढले जाते. त्यावर धुळीचा किंवा तेलकट वाफेचा थर बसला की हवेचा गारवा नीट पोहोचत नाही आणि सेन्सर बहुधा हवा कमी असल्याचे सांगतो. पेट्रोल गाडीत मग इंधन कमी पडते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, त्यामुळे दोष बराच काळ लपून राहतो आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरच जाणवतो. डिझेल गाडीत धूर होऊ नये म्हणून संगणक स्वतःच इंधन आवरते घेतो आणि पिकअप जातो.

दर सर्व्हिसिंगला सफाई करण्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: सफाईच्या स्प्रेचा डबा काही शे रुपयांत मिळतो, तर कंपनीचा नवा सेन्सर काही हजारांत जातो. तरीही हा मुद्दा मला पुरेसा वाटत नाही. तारेच्या जुन्या सेन्सरांत इंजिन बंद झाल्यावर तार क्षणभर लालबुंद तापवून मळ जाळून टाकण्याची सोय असे. नंतरच्या पापुद्र्याच्या सेन्सरांत हवेची वाट अशी वळवली गेली की जड कण मोजणीच्या जागेपर्यंत सहसा पोहोचूच नयेत. म्हणजे मळाचा विचार रचनेतच केलेला आहे. उलट प्रत्येक वेळी सेन्सर काढताना नाजूक भागाला बोट लागण्याचा, कपलरची खाच तुटण्याचा किंवा रबरी रिंग नीट न बसण्याचा धोका मात्र नव्याने पत्करावा लागतो. आणि सफाई कशाने होते, हे तर ग्राहकाला दिसतही नाही. पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासणे आणि वर कॉम्प्रेसरची हवा मारणे, ही पद्धत सेन्सर वाचवण्यापेक्षा मारण्याचीच आहे. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनरही येथे वापरू नये.

दुसरा मार्ग म्हणजे पुरावा पाहून सफाई करणे. गाडीच्या संगणकातले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर असला तरी पुरते. पेट्रोल इंजिन गरम होऊन आयडलवर असताना दर सेकंदाला येणाऱ्या हवेचे ग्रॅम हे ढोबळमानाने इंजिनाच्या लिटरइतके असतात, म्हणजे दोन लिटरच्या इंजिनात सुमारे २ ग्रॅम. डिझेलला हा ठोकताळा लावू नये. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात सतत करत असलेली वाढ-घट) १० टक्क्यांच्या वर सरकला असेल, किंवा पी ०१०१ हा याच सेन्सरच्या मोजणीबद्दलचा दोष-कोड आला असेल, तर संशयाला जागा आहे. मात्र हीच लक्षणे दुसऱ्या दोषानेही दिसतात. पेट्रोल गाडीत सेन्सरनंतरच्या नळीला चीर गेली, तर न मोजलेली हवा आत शिरते. टर्बो डिझेलमध्ये दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज (रबरी नळी) फाटला, तर मोजलेली हवा बाहेर निसटते आणि काळा धूर येतो. होज न तपासता सेन्सर साफ करणारा मेस्त्री घाई करतो आहे, असे खुशाल समजावे.

हे काम घरी करणेही अवघड नाही, आणि माझ्या मते गॅरेजपेक्षा ते घरीच अधिक निगुतीने होते. इग्निशन बंद करून कपलर काढावा, स्क्रू बहुधा चांदणीच्या आकाराच्या खाचेचे असल्याने तसा पाना आधीच जवळ ठेवावा, एअरफ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे थोड्या अंतरावरून मारावा, आतल्या भागाला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये आणि तो आपोआप पूर्ण वाळेपर्यंत, निदान १०-१५ मिनिटे, सेन्सर बसवू नये. वॉरंटीतल्या गाडीत मात्र हात घालण्याऐवजी लक्षणे सर्व्हिस सेंटरला लेखी कळवणे शहाणपणाचे ठरते.

नियमित सफाईचा आग्रह मी एकाच ठिकाणी मान्य करतो: तेल लावून वापरायचा कापडी एअर फिल्टर बसवला असेल, तर जास्तीचे तेल उडून सेन्सरवर बसते, म्हणून दर वेळी फिल्टर धुऊन तेल दिल्यावर सेन्सरही पाहावा. ऊसवाहतुकीच्या किंवा खडीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीसाठी तेच पैसे कागदी एअर फिल्टर लवकर बदलण्यात घालावेत. डब्याच्या झाकणाची क्लिप सैल राहिली, तर सेन्सर कितीही साफ केला तरी धूळ तेथूनच आत येते.

सेन्सर बदलणे हा पर्याय सर्वांत शेवटचा. सफाईपूर्वीचे आकडे लिहून ठेवावेत, सफाईनंतर दोन-तीन दिवस गाडी चालवून ते पुन्हा पाहावेत. फरक पडला नाही आणि होज, फिल्टर व तारा ठीक असतील, तरच नवा घ्यावा, आणि तोही पार्ट नंबर जुळवून. स्वस्तातला डुप्लिकेट सेन्सर कपलरला बरोबर बसतो; पण त्याची मोजणी मूळ सेन्सरशी जुळेलच असे नाही.