पोराच्या क्लबफूटची ट्रीटमेंट, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्याचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या पोराची दोन्ही पावलं जन्मतःच आत वळलेली, तळवे एकमेकांकडं तोंड करून. डिलिव्हरी झाल्या झाल्या पाव्हण्यांनी सुरू केलं, ग्रहणात काय चिरलंवतंस, काय शिवलंवतंस, आणि बायको बिचारी रडून रडून अर्धी झाली. म्हणून पहिलं हेच लिहितो, याला क्लबफूट म्हणतात, हजारात साधारण एका बाळाला असतो, मुलींपेक्षा मुलांत दुप्पट, आणि ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. इथल्या डॉक्टरांनी हे माझ्या आईला समोर बसवून सांगितलं, माझे निम्मे मार्क तिथंच मिळाले त्यांना.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आमचा दीड महिना फुकट गेला. तेल लावून चोळा, वर्षाचा झाला की मोठं ऑपरेशन करू म्हणाले. इथं आल्यावर कळलं की सांधे उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननं पाय सरळ दिसतो पण मोठेपणी पाऊल ताठ होतं, दुखतं, म्हणून आता आधी पोन्सेटी पद्धत करतात. अमेरिकेत आयोवाला पोन्सेटी नावाचे डॉक्टर होते त्यांनी बसवलेली. दर आठवड्याला हातानं पाऊल थोडं थोडं वळवायचं आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर, गुडघा काटकोनात. पोर जितकं लहान तितकं बरं, सगळं कोवळं असतंय तोवर ताणतंय.

आमची सहा प्लास्टरं झाली, दर शुक्रवारी शिरोलीला कारखान्यात शिफ्ट बदलून घेऊन यायचो. प्लास्टरच्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, नख दाबून बघायचं, पांढरं होऊन लगेच गुलाबी झालं पाहिजे, आणि बोटं आत जायला लागली म्हणजे प्लास्टर सरकलंय, लगेच फोन करा. तिसऱ्या वेळी रविवारी सकाळी बघतोय तर डाव्या पायाची करंगळी दिसंना, माझ्या पोटात गोळाच आला, फोन केला, तासाभरात बोलावून दुसरं घातलं. जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढून आणा असं इथं सांगत नाहीत, तेवढ्यात पाऊल परत आत ओढलं जातंय म्हणून तिथंच काढून तिथंच नवीन.

मग ऑपरेशन, म्हणजे टाचेच्या मागची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) बारीक ब्लेडनं कापतात, काप इतका बारीक की टाकासुद्धा नाही. बहुतेक पोरांना हे लागतंच. नंतर तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, तोवर शीर लांब होऊन जुळते.

आणि खरी ट्रीटमेंट इथनं पुढं हो! मधे पट्टी घालून एकमेकांना जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेला, ते चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. पहिले आठ दिवस घरात कोण झोपलं नाही. सासूबाई म्हणायच्या, जावईबापू काढा की ते, लेकराला किती छळताय. बुटाला टाचेपाशी भोक असतंय, त्यातनं टाच दिसली तर पाय नीट बसलाय, नाहीतर पट्टा सोडून परत घालायचा. आम्हाला हे उशिरा समजलं, तोवर फोड आलावता. आमच्या बरोबरच्या एका पोराचे बूट आठव्या महिन्यात घरच्यांनी बंद केले, पाऊल परत वळलं, प्लास्टर पहिल्यापासनं. हे बघून सासूबाईच आता रात्री बूट घालतात.

तक्रार आहे ती गर्दीची. शुक्रवारी दोन-दोन तास बसावं लागतं, बाळाला पाजायला आडोसा नाही, बायकांचे हाल होतात, हे त्यांनी करावंच. बूट लहान झाले की नवीन यायलाही वेळ लागतो, तेव्हा बोटं टोकाला आली की लगेच सांगा. पैशाची अडचण असेल तर थांबू नका, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट येतो, अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या टीमला भेटा किंवा सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा.

पोरगं आता दोन वर्षांचं आहे, रंकाळ्यावर हात सोडून पळतंय. नवीन येणाऱ्यांना एकच सांगतो, प्लास्टरच्या दिवशी बाळाला घरनं पाजून आणू नका. प्लास्टर घालताना पाजायचं, पाय ढिला सोडतंय आणि रडत नाही.