सीताबर्डीतील कामगार कायदा सल्ला : जाणकार, पण सावकाश

एकाच कंपनीसाठी वर्षानुवर्षे फ्रीलान्स काम करूनही भविष्य निर्वाह निधी वा ग्रॅच्युइटी न मिळालेल्या नागपूरकरांनी सीताबर्डीतील या सल्ला केंद्रात अवश्य जावे. येथील वकीलबाईंनी माझ्या करारातील ‘स्वतंत्र व्यावसायिक’ हे बिरूद बाजूला ठेवून हजेरीच्या नोंदी, रजेचे अर्ज आणि कंपनीचा लॅपटॉप यांविषयीच खोदून विचारले. कारण 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने नगावर मजुरी घेणाऱ्या, पण दुकानाच्याच यंत्रांवर शिवणाऱ्या शिंप्यांना कर्मचारी ठरवले, ते कामावरील नियंत्रण पाहून, असे त्यांनी समजावले. दावा जिंकण्याची हमी त्यांनी दिली नाही, हे मला अधिक विश्वासार्ह वाटले. शुल्क वाजवी आहे. नोटिशीचा मसुदा हाती पडायला मात्र फार उशीर होतो, आणि फोन तर क्वचितच उचलला जातो.